प्रवासात व्यायामासाठी बॅगेत मावणारी साधने कशी निवडावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिरतीच्या नोकरीतले लोक, परदेशी मुलांकडे पाच-सहा महिने राहायला जाणारे आई-वडील आणि सहलीतही व्यायामाचा नेम मोडू न देणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रवासात साधन लागतेच कशाला? जोर-बैठका पुरत नाहीत का?

बऱ्याच अंशी पुरतात, आणि ज्यांना त्या नीट जमतात त्यांनी बॅगेत काही भरण्यापूर्वी हा विचार अवश्य करावा. जोर मारल्याने छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू यांना काम मिळते, बैठकांनी मांड्या आणि खुब्यांना मिळते, आणि सूर्यनमस्कारात कण्याला पुढे-मागे दोन्हीकडे वाक मिळतो. परंतु या साऱ्यांत एक हालचाल जवळजवळ नसते, ती म्हणजे हातांनी एखादी वस्तू स्वतःकडे ओढणे. पाठीचा वरचा भाग, दोन खवाट्यांमधले स्नायू आणि दंडाची पुढची बाजू हे सर्व ओढण्यानेच कसाला लागतात. घरी असताना बार असतो, जिमचे मशीन असते, काहींच्या नशिबी मल्लखांबही असतो. लॉजच्या खोलीत मात्र लोंबकळण्याजोगे काही नसते आणि पंख्याकडे पाहून उपयोग नाही. त्यातून दिवसभर गाडी चालवून किंवा लॅपटॉपवर वाकून खांदे पुढे आलेले असतात, म्हणजे नेमकी तीच पाठ कामावाचून राहते. म्हणून आमचे मत असे की, पहिला खर्च आणि बॅगेतली पहिली जागा ओढण्याच्या साधनाला द्यावी. बाकीची साधने त्यानंतर.

२. एकच वस्तू न्यायची असेल तर कोणती न्यावी?

रेझिस्टन्स बँड, म्हणजे ताणून व्यायाम करायची रबरी पट्टी. दीड-दोन मीटर लांबीचा चपटा बँड शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो, मोज्यांच्या जोडीएवढ्या जागेत मावतो आणि प्रश्न १ मध्ये सांगितलेली उणीव भरून काढतो. त्याला टांगायला जागा मिळालीच पाहिजे असेही नाही. पाय लांब करून जमिनीवर बसावे, बँड तळव्यांभोवती एक वेढा देऊन घ्यावा, कणा ताठ ठेवावा आणि कोपरे मागे नेत बँड पोटाकडे ओढावा. हा व्यायाम करताना पायात बूट असावेत, कारण अनवाणी तळव्यावरून घसरलेला बँड थेट तोंडावर येतो.

३. दुकानात चपटे, वळ्यासारखे, हँडल लावलेले असे किती तरी बँड दिसतात. त्यांतला कोणता घ्यावा?

चपटा, दोन्ही टोके मोकळी असलेला पातळ बँड फिजिओथेरपिस्ट वापरतात तो. नवशिक्यांना, ज्येष्ठांना आणि दुखऱ्या खांद्याच्या लोकांना तोच योग्य. हात जवळ-लांब धरून त्याची ताकद जागच्या जागी कमी-जास्त करता येते, हा त्याचा मोठा गुण आहे.

जाड, बंद वळ्याचा लांब बँड साधारण १०४ सेंटीमीटर लांबीचा असतो. नियमित जिमला जाणाऱ्याने हा घ्यावा. त्याची रुंदी वाढते तसे वजनही वाढते. बोटभर रुंदीचा बँड शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असेल, तर तीन बोटे रुंदीचा पाव किलोच्या पुढे जातो. एक बारीक आणि एक मध्यम अशी जोडी पुरते. पाच बँडांचा संच स्वस्त दिसतो, पण त्यांतले दोन घरीच पडून राहतात.

मांड्यांभोवती घालायचा लहान वळ्याचा बँड खुब्यांसाठी चांगला, पण त्याने ओढण्याचा व्यायाम होत नाही, त्यामुळे तो एकटा नेण्यात अर्थ नाही. हँडल असलेले नळीचे बँड हाताला सुखकर असतात, मात्र हँडल, आकडे आणि जोडाच्या कड्या यांमुळे पिशवी फुगते आणि बिघाड होण्याची ठिकाणेही वाढतात. मनगट किंवा बोटांच्या सांध्यांचे दुखणे असेल तरच ते निवडावेत.

४. बँडच्या रंगावर आणि त्यावर छापलेल्या किलोंच्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा?

रंगावर मुळीच नाही, कारण सर्व कंपन्यांना बांधणारा असा रंगांचा एकच नियम नाही. एकीचा हिरवा दुसरीच्या निळ्याएवढा असू शकतो. आकड्यावरही बेतानेच विश्वास ठेवावा. डंबेल पाच किलोचे म्हटले की ते पाच किलोचेच, परंतु बँड जितका ताणाल तितका तो जड होत जातो, त्यामुळे किती ताणल्यावर किती किलो हे सांगितल्याशिवाय आकडा अपुरा राहतो. उदाहरणार्थ, थेराबँड या कंपनीच्या चपट्या पट्ट्या लांबी दुप्पट होईपर्यंत ताणल्या, तर पिवळी सुमारे १.३ किलो, लाल १.७, हिरवी २.१, निळी २.६ आणि काळी ३.३ किलोची ओढ देते. या आकड्यांशेजारी बाजारातल्या काही पाकिटांवरचे ‘४० किलो’ ठेवून पाहिले, म्हणजे कोणत्या ताणाचा तो आकडा, हा प्रश्न आपोआप पडतो.

यावर घरच्या घरी करण्याजोगा एक उपाय आहे. विमानप्रवासासाठी बॅग तोलायचा हातातला डिजिटल काटा अनेकांकडे असतो. बँडच्या एका टोकाला गाठ मारून काट्याचा हूक त्यात अडकवावा, दुसरे टोक पायाखाली घट्ट धरावे, मोकळा भाग टेपने मोजावा आणि तो दुप्पट होईपर्यंत काटा वर ओढून आकडा वाचावा. मी माझे चार बँड असे तोलले तेव्हा ‘मध्यम’ आणि ‘जड’ असे लिहिलेल्या दोन बँडांत जेमतेम अर्ध्या किलोचा फरक निघाला. त्यांतला एक तेव्हापासून सतरंजीची गुंडाळी बांधायला वापरतो.

काटा नसेल तर कसोटी साधी आहे: बारा ते पंधरा वेळा ओढता यावे आणि शेवटचे तीन कष्टाने व्हावेत. पंचवीस सहज होत असतील तर बँड दुहेरी करावा किंवा अधिक आखूड धरावा.

५. खोलीत बँड कशाला अडकवावा? दाराला की खिडकीच्या गजांना?

दाराला, पण कोणत्याही दाराला नव्हे. बँडसोबत मिळणारा दाराचा अँकर म्हणजे एका टोकाला फोमची गुंडाळी आणि दुसऱ्या टोकाला फास असलेली पट्टी. गुंडाळी दाराच्या पलीकडे टाकून दार लावायचे आणि फासातून बँड ओवायचा. नियम असा की, ज्या बाजूने दार ढकलून उघडावे लागते त्या बाजूला आपण उभे राहावे, म्हणजे आपल्या ओढीने दार चौकटीत अधिकच घट्ट बसते. हॉटेलच्या खोलीचे मुख्य दार बहुधा आत उघडते, म्हणजे आतून ओढले की ते उघडण्याच्या दिशेने येते. बाथरूमचे दार पुष्कळदा बाथरूमच्या आत उघडते, त्यामुळे खोलीत उभे राहून ते वापरणे योग्य ठरते. अडचण एवढीच की, आपल्याकडच्या लॉजमध्ये हे दार अनेकदा पीव्हीसीचे, पोकळ आणि खाली कुजलेल्या बिजागरीचे असते. असे दार बोटाने दाबून पाहावे. ते दबत असेल तर नाद सोडावा. मुख्य दाराशिवाय गत्यंतर नसेल तर आतून कडी लावावी, अँकर कुलपाच्या नव्हे तर बिजागरीच्या बाजूला घालावा आणि हलकाच बँड वापरावा.

खिडकीच्या गजांचा अनुभव सांगतो. एका जिल्ह्याच्या गावी लॉजवर मी बँड सरळ गजाभोवती घेतला होता. गजावर जुन्या रंगाचे पोपडे होते, आणि त्यांतल्या एका धारेने तिसऱ्याच दिवशी बँडला नखाएवढी चीर पाडली. चौथ्या दिवशी तो तुटला आणि माझ्या कानाखाली वळ उठवून गेला. डोळा दोन बोटांवर होता. तेव्हापासून गजाला बांधायचेच झाले तर आधी टॉवेलचा वेढा देतो आणि चेहरा बँडच्या रेषेत येऊ देत नाही.

६. बँड लवकर चिकट होतो किंवा तुटतो. तो टिकावा यासाठी काय करावे?

बहुतेक बँड नैसर्गिक रबराच्या चिकापासून, म्हणजे लॅटेक्सपासून बनतात, आणि लॅटेक्सचे दोन शत्रू आपल्या घरात कायम असतात: तेल आणि ऊन. केसांना खोबरेल लावलेल्या हाताने बँड धरला की तेल रबरात मुरते, रबर फुगते आणि मऊ पडते. मालिशचे तेल आणि काही मलमेही तेच करतात. उन्हाळ्यात नागपूर किंवा अकोल्याकडे बंद गाडीच्या डिकीत राहिलेला बँड काही दिवसांतच कडक होऊन भेगाळू लागतो. व्यायामानंतर तो ओल्या फडक्याने पुसावा, सावलीत वाळवावा, चिमूटभर टाल्कम पावडर चोळावी आणि कापडी पिशवीत ठेवावा. प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी उजेडासमोर किंचित ताणून पाहावा. पांढुरकी रेघ किंवा टाचणीएवढे भोक दिसले तर तो फेकून द्यावा. गाठ मारून वापरू नये.

फुगा फुगवताना किंवा रबरी हातमोजे घातल्यावर ज्यांना खाज, पुरळ किंवा धाप येते त्यांनी लॅटेक्सविरहित बँड मागून घ्यावा, नाहीतर कापडी पट्ट्यांचे साधन निवडावे (प्रश्न ९).

७. दोरीच्या उड्यांची दोरी न्यावी का?

वजनाच्या हिशेबाने तिच्याइतके स्वस्त साधन नाही, पण ती कुठे मारणार हे आधी ठरवावे. दोरी डोक्यावरून साधारण वीत-दीड वीत उंचीवरून फिरते. लॉजच्या खोलीत मधोमध पंखा असतो, आणि खालच्या मजल्यावर झोपलेला माणूसही असतो. दोरी गच्चीवर, पार्किंगमध्ये किंवा मैदानातच वापरावी, आणि टाइल्सवर अनवाणी तर कधीच नाही. लांबीसाठी दोरीच्या मध्यावर पाय देऊन उभे राहावे. मुठी काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. गुडघे किंवा टाचा दुखत असतील, तर झपाझप चालणे हा अधिक शहाणा पर्याय आहे, आणि त्याला फक्त बूट लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. यातला पहिला भाग नव्या गावी पायी हिंडून सहज होतो. बॅगेतले साधन दुसऱ्या भागासाठी आहे.

८. योगा मॅट नेणे गरजेचे आहे का? ‘ट्रॅव्हल मॅट’ खरोखर हलकी असते का?

नेहमी नाही. दीड मिलिमीटर जाडीची रबरी ट्रॅव्हल मॅट किलोभर भरू शकते, म्हणजे घरच्या सहा मिलिमीटरच्या फोमच्या मॅटपेक्षा फारशी हलकी नाही. तिचा खरा फायदा हा की तिची घडी होते आणि ती बॅगेत कपड्यांखाली सपाट बसते. तोटा हा की गुडघे टेकल्यावर फरशी लागते. सूर्यनमस्कार आणि उभी आसने करणाऱ्याला ती चालते. ज्याचे गुडघे नाजूक आहेत त्याने खाली घडी घातलेले पांघरूण घ्यावे. मॅटचे माप साधारण १७३ बाय ६१ सेंटीमीटर असते, आणि तेवढी मोकळी जागा पलंग व भिंत यांच्यामध्ये आहे की नाही, हा अधिक खरा प्रश्न आहे. महिन्यातून दोनच दिवस बाहेर राहणाऱ्याने जाडसर चादर पसरावी आणि हाताखालचा भाग घसरू नये म्हणून ती किंचित ओली करावी.

९. टीआरएक्ससारखा सस्पेन्शन ट्रेनर बँडपेक्षा चांगला का?

ज्यांना जोर सहज पंचवीस-तीस निघतात त्यांच्यासाठी, होय. ही न ताणणारी पट्टी असते, टोकांना हँडल असतात, आणि वजन म्हणून आपले स्वतःचे शरीर असते. पाय जितके पुढे सरकवाल आणि शरीर जितके आडवे कराल तितकी ओढ वाढते, त्यामुळे ताकद वाढली तरी साधन अपुरे पडत नाही. अमेरिकी नौदलाच्या सील पथकातल्या रँडी हेट्रिक यांनी १९९७ मध्ये मोहिमेवर असताना जुजुत्सूचा पट्टा आणि पॅराशूटची पट्टी जोडून याचा पहिला नमुना केला. म्हणजे जन्मच प्रवासातल्या अडचणीतून झाला. दोरीच्या मल्लखांबावर वाढलेल्यांना यात फार नवल वाटणार नाही.

मात्र त्याचे वजन पाऊण ते एक किलो असते, किंमत बँडच्या कित्येक पट असते, आणि टांगण्याची जागा भक्कम लागते, कारण येथे दोन किलोंची नव्हे तर निम्म्या देहाची ओढ असते. दाराबद्दल प्रश्न ५ मध्ये सांगितलेले सारे येथे अधिक काटेकोरपणे पाळावे. मैदानातला लोखंडी बार किंवा मांडीएवढ्या जाडीची झाडाची फांदी सर्वांत उत्तम.

१०. डंबेल्सशिवाय माझे समाधान होत नाही. पाणी भरायचे डंबेल्स घ्यावेत का?

घेऊ नयेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे गणित लक्षात ठेवले तर दोन लिटरची बाटली तेच काम फुकटात करते, आणि पाच लिटरचा कॅन तर मूठ घेऊनच येतो. एका हाताने ओढायच्या व्यायामाला अर्धी भरलेली बादली चालते. कडीला रुमाल गुंडाळावा. पाठीवरच्या सॅकमध्ये बाटल्या आणि पुस्तके भरून ती पाठीला बांधली की बैठकांना हवे तेवढे वजन मिळते.

११. पुशअप बार, ॲब व्हील, हँड ग्रिपर, दारात बसवायचा पुलअप बार यांचे काय?

पुशअप बार मनगट दुखणाऱ्यांनीच न्यावेत. ॲब व्हीलच्या जागी गुळगुळीत फरशीवर दोन हातरुमाल सरकवले तरी पोटाला तीच कळ लागते. ग्रिपर खिशात राहतो, पण त्याने पंजापलीकडे काही होत नाही. दाराच्या चौकटीत बसवायचा बार दुसऱ्याच्या दारात लावूच नये, चौकटीचे नुकसान आपल्या बिलात येते. एका पिढीला मासिकांतल्या जाहिरातींमुळे ठाऊक असलेला बुलवर्कर (दोन्ही टोकांनी दाबायचा स्प्रिंगचा दांडा) अजून कुणाकडे असेल तर तो घरीच बरा, कारण त्याची घडी होत नाही.

१२. विमानात आणि रेल्वेत ही साधने नेऊ देतात का?

बँड, मॅट आणि कापडी पट्ट्या केबिन बॅगेत साधारणपणे अडत नाहीत. डंबेल, धातूचा बार किंवा मारण्यासाठी वापरता येईल अशी जड वस्तू मात्र चेक-इन सामानातच टाकावी. उड्यांच्या दोरीबद्दल, विशेषतः तारेची असेल तर, हरकत घेतली जाऊ शकते. तपासणीच्या रांगेत अंतिम शब्द सुरक्षा कर्मचाऱ्याचा असतो, म्हणून जी वस्तू गमावणे परवडणार नाही ती हातात ठेवू नये. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान देतात. त्यांतले किलोभर ट्रेनरला द्यायचे का, हे तिकीट पाहून ठरवावे.

मसाज गनमध्ये, म्हणजे स्नायूंना धक्के देऊन मालिश करणाऱ्या हातातल्या यंत्रात, लिथियम बॅटरी असते. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सामान्यतः नेता येते, आणि हा आकडा व्होल्ट गुणिले अँपिअर-तास असा काढता येतो, म्हणजे ११.१ व्होल्ट, २,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २८ वॉट-तासांची झाली. गन केबिनमध्ये ठेवावी, डोके काढून आणि बटण चुकून दाबले जाणार नाही अशा रीतीने. खरे तर मोज्यात घातलेला टेनिसचा चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून घोळवला, तर तो बरेचसे तेच काम करतो.

रेल्वेत मोफत सामानाची मर्यादा उदार आहे: स्लीपर आणि एसी थ्री-टियरला ४० किलो, टू-टियरला ५०, फर्स्ट एसीला ७०. तरीही बर्थच्या साखळीला किंवा शिडीला बँड बांधू नये, आणि तिला लोंबकळू तर नयेच.

१३. आई-बाबा, वय अडुसष्ट आणि पासष्ट, हिवाळ्यात सहा महिने आमच्याकडे अमेरिकेत येणार आहेत. त्यांच्यासोबत काय द्यावे?

हा प्रश्न दर सप्टेंबरात येतो. बाहेर बर्फ असल्याने त्यांचे रोजचे फिरणे बंद होते, आणि मुले कामावर गेल्यावर दिवस सोफ्यावर जातो. दोन चपटे बँड (पिवळ्या-लाल ताकदीचे, रंगाबद्दल प्रश्न ४ पाहावा), एक टेनिसचा चेंडू आणि घट्ट बसणारे, न घसरणारे बूट एवढे पुरे. बँडने बसून ओढण्याचा व्यायाम खुर्चीवरही होतो. त्याच्या जोडीला हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे दहा वेळा, आणि ओट्याला धरून टाचा उचलणे. तेथील अनेक घरे लाकडी बांधणीची असतात आणि उडी मारली की खालचा मजला दणाणतो, म्हणून दोरी पाठवू नये. रक्तदाब असलेल्यांनी ओढताना श्वास कोंडू नये, ओढताना सोडावा. गुडघा बदललेला असेल किंवा हृदयाची औषधे चालू असतील, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना बँड दाखवूनच विचारावे. ‘हलका व्यायाम चालेल का?’ या मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळते.

१४. लेह किंवा केदारनाथला जाताना बँड न्यावा का?

न्यावा, पण पोहोचल्या पोहोचल्या काढू नये. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि विमानाने जाणारा माणूस काही तासांत तेथे पोहोचतो. पहिले दोन दिवस विश्रांती, पाणी आणि सावकाश चालणे एवढेच. डोकेदुखी, मळमळ किंवा बसल्या जागी धाप असेल तर व्यायाम पूर्ण बंद ठेवावा आणि वैद्यकीय मदत घ्यावी. केदारनाथही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, आणि तेथे चढाई हाच दिवसाचा व्यायाम होतो.

१५. आळंदी ते पंढरपूर पायी वारी करणार आहे. सोबत काही साधन असावे का?

सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्याला आणखी व्यायामाची गरज नाही, गरज आहे ती पायांच्या निगेची. तंबूत पाठ टेकण्यापूर्वी टेनिसचा चेंडू तळव्याखाली दोन-दोन मिनिटे घोळवावा आणि चपटा बँड पायाच्या चवड्याला अडकवून पोटऱ्या सावकाश ताणाव्यात. बँड पावसात भिजतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. वारीआधीच्या दोन महिन्यांत मात्र प्रश्न १० मधल्या भरलेल्या सॅकसह चालण्याचा सराव फार उपयोगी पडतो.

१६. फक्त चार-पाच दिवसांचा दौरा असेल तर?

काहीही नेऊ नये. नियमित व्यायाम करणाऱ्याची ताकद इतक्या दिवसांत उतरत नाही, आणि तीन-चार आठवड्यांच्या प्रवासातही आठवड्यातून एक-दोनदा मनापासून केलेला व्यायाम ती बऱ्यापैकी टिकवतो. ओढण्याची हालचाल चुकल्यासारखी वाटली, तर दाराच्या दोन्ही बाजूंच्या मुठींना टॉवेलचा वेढा द्यावा, दाराच्या कडेसमोर उभे राहून टॉवेलची टोके धरावीत, थोडे मागे रेलावे आणि स्वतःला दाराकडे ओढावे. यासाठी दार किंचित उघडे ठेवावे लागते, म्हणून ते बाथरूमचे असावे. मुठी आधी हलवून पाहाव्यात. निम्म्या लॉजमध्ये त्यांतली एक हातात येते.